लाल वायर

“लाल वायर कुठं लावायची तेवढं दाखवा, बाकी टीव्ही तुमच्या मर्जीनं द्या,” झुंबर भामरे दुकानात शिरल्या शिरल्या म्हणाले.

भिंतींवर टांगलेल्या झाडून सगळ्या टीव्हींवर एकच वाघ एकाच वेळी पाणी पीत होता. आवाज मात्र कुठूनच येत नव्हता. विकायला उभा असलेला तरुण गोंधळला. प्रफुल्ल असं नाव त्याच्या छातीवरच्या पट्टीवर होतं. त्यानं झुंबररावांच्या मागं उभ्या असलेल्या हर्षालीकडं पाहिलं.

“कोणती लाल वायर, मॅडम?”

“त्यांनाच विचारा की. तुमच्यासमोर तर उभे आहेत.”

हर्षाली ही झुंबररावांची सून. नांदगावची. तिकडच्या रिवाजानं सासऱ्याला मामा आणि सासूला आत्या म्हणणारी. मामांच्या हातात कापडी पिशवी होती, पिशवीत टॉवेलात गुंडाळलेला जुना सीडी प्लेयर. सीडी मात्र त्यांनी पिशवीत ठेवली नव्हती. ती शर्टाच्या आत, बनियनला लावून, पोटाशी धरून आणली होती. रिक्षात बसताना त्यांना वाकता येत नव्हतं ते त्यामुळंच.

त्रिमूर्ती चौकातल्या त्या दुकानात ते कसे येऊन पोचले, ते सांगायचं तर जरा मागं जावं लागेल.

झुंबरराव मूळचे नामपूरचे. कांद्याच्या गोण्या शिवायचं काम टाकून तरुणपणी नाशकात आले. अंबडच्या एका कारखान्यात पत्र्याला भोकं पाडायच्या मशीनवर लागले, आणि सरकत सरकत सुपरवायझर होऊन निवृत्त झाले. सिडकोत घर घेतलं, त्यावर मजला चढवला, मुलाला शिकवलं. नाशकानं त्यांना हे सगळं दिलं आणि सोबत एक भीतीही दिली. तोंड उघडलं की आपण कुठले ते कळेल, ही ती भीती. कारखान्यात नवीन असताना त्यांनी कुणाला तरी “काय शे भाऊ?”, म्हणजे काय आहे भाऊ, असं विचारलं होतं. पुढं कितीतरी दिवस सगळं खातं त्यांना बघितलं की “काय शे? काय शे?” करून खिदळायचं. त्या हसण्याचा आवाज मशीनच्या आवाजाच्याही वर यायचा, असं मामांनी एकदाच, जेवताना, हर्षालीला सांगितलं होतं.

तेव्हापासून त्यांनी आपली गावाकडची अहिराणी टाकली. अशी टाकली की कॉलनीतले लोक त्यांना पाठीमागं ‘भामरे गुरुजी’ म्हणू लागले. गावाकडचा पाहुणा ओट्यावर पाय ठेवून “काय चालनं भो?” म्हणाला, तर आतून उत्तर यायचं, “उत्तम. आपण कसे आहात?” पाहुणा बिचारा मग खुर्चीच्या कडेवर टेकायचा आणि चहा बशीत ओतावा की नाही या विचारात पडायचा.

घरातही कायदा तोच. लग्न होऊन आलेल्या हर्षालीच्या तोंडून पहिल्याच आठवड्यात “माले” निघालं. मामा वर्तमानपत्रातून डोकं बाहेर न काढता म्हणाले, “मला.” एवढंच. रागावले नाहीत. चष्म्यावरचा डाग पुसावा तसा त्यांनी तो शब्द पुसला.

स्वयंपाकघरात मात्र दुसरं राज्य होतं. मामा बाहेर पडले की सासूसुना अहिराणीत बोलायच्या. कांदा चिरता चिरता आख्खं नामपूर तिथं येऊन बसायचं. फाटकाची कडी वाजली की आत्या विळी बाजूला सारत “उनात!” म्हणायच्या, म्हणजे आले गं, आणि दोघींची भाषा खांद्यावरच्या पदरासारखी सावरली जायची. हर्षालीला तेव्हा त्याची गंमत वाटायची. गंमत कुणाच्या जिवावर चालली आहे, हे कळण्याइतकं तिचं वय नव्हतं.

आत्यांचं नाव लताबाई. हळदीच्या गाण्यांसाठी नामपूरच्या पंचक्रोशीत त्यांना लग्नाघरी मुद्दाम बोलावून नेत. त्यांची थोरली बहीण कुसाबाई सांगायची, की लता गायला लागली की दळणाऱ्या बायांचे हात थांबायचे, आणि हळद वेळेवर झाली नाही म्हणून मग म्हाताऱ्यांच्या शिव्या खाव्या लागायच्या. कुसाबाई हे सांगून स्वतःच हसायची आणि लताबाई उठून पाणी प्यायला जायच्या.

हर्षालीनं ते गाणं कधी ऐकलं नाही. लेकीच्या, वेदिकाच्या बारशाला तिनं फार गळ घातली, “आत्या, एक तरी म्हणा ना. नातीसाठी.” आत्यांनी बाळाच्या अंगावरचं दुपटं सारखं केलं, पुन्हा सारखं केलं. मग हळूच म्हणाल्या, “नको माय. माले नही येस आते.” आता येत नाही म्हणाल्या. येत असलेलं गाणं जातं कुठं, हे हर्षालीनं विचारलं नाही. वेदिका रांगायला लागली आणि आत्या तापाचं निमित्त होऊन गेल्या.

बाई गेल्यावर घरात तिचं काय काय उरतं! लुगडी उरली, डबे उरले, डब्यांच्या झाकणांवर खिळ्यानं कोरलेलं नाव उरलं. फोटो होते. आवाज मात्र कुठंच नव्हता. शूटिंग करणारे मोबाईल त्या घरात आले ते त्यानंतर. मागं उरली ती एक सीडी, हर्षालीच्या नवऱ्याच्या, महेशच्या हळदीची.

दर रविवारी दुपारी मामा ती लावायचे. घरातला टीव्ही तोवर फक्त त्यांचाच झाला होता. जुना, पोट सुटलेला, एका बाजूला एकच स्पीकर असलेला. बाकीच्यांच्या हातात मोबाईल आले होते. तरी सीडी लागली की महेश येऊन बसायचा, वेदिका बसायची, हर्षाली दारात उभी राहायची. शूटिंगवाल्यानं सगळ्या हळदीवर सिनेमाची गाणी चढवली होती. त्या काळी सगळेच चढवत. मांडवात बाया हसतायत, नवरदेवाला पाटावर बसवतायत, आणि वरून कुठल्यातरी नायकाचा गळा दाटून आलेला. त्यातच आत्या यायच्या. हिरवी साडी, हातात हळदीची वाटी. त्यांचे ओठ हलताना दिसायचे.

“हे बघा, आई गातेय,” महेश दर वेळी म्हणायचा.

मग चौकटीत मामा यायचे. अंगात सफारी, खिशाला पेन. मागं खुर्च्यांवर कारखान्यातले साहेब लोक बसलेले. मामा वळायचे, आत्यांच्या कानाशी वाकायचे, काहीतरी बोलायचे. आत्या पदर तोंडाशी नेऊन मान खाली घालायच्या, मग वर बघून हसायच्या. सरळ कॅमेऱ्यात. वरचं गाणं नेमकं त्या क्षणी रंगात यायचं, आणि शूटिंगवाल्यानं त्या दोघांच्या भोवती गुलाबाची फुलं टाकली होती.

“बापू, काय सांगितलं होतं हो आईच्या कानात?” महेश छेडायचा.

“ते आमचं आम्हाला.”

“सांगा ना आजोबा!”

“लग्न झालं की कळेल तुला,” मामा म्हणायचे, आणि त्यांच्या चेहऱ्यावर असा काही उजेड पडायचा की हर्षालीला दारातून नजर फिरवावीशी वाटायची. दुसऱ्याच्या देवघरात डोकावल्यासारखं.

पण खरं काय ते एकट्या हर्षालीला ठाऊक होतं. मामांना आठवत नव्हतं. एकदा ती त्यांच्या खोलीत औषध द्यायला गेली तेव्हा त्यांनीच विचारलं होतं, “हर्षाली, मी काय म्हणालो असेन गं तेव्हा?” तिनं गोळी हातावर ठेवत म्हटलं, “चांगलंच काहीतरी असणार मामा. नाहीतर आत्या एवढ्या हसल्या असत्या का?” मामांनी मान हलवली. तेवढ्यावर त्यांची कितीतरी वर्षं निघाली.

या उन्हाळ्यात टीव्ही गेला. पडद्यावर एक आडवी रेघ उरली, मग तीही गेली. पवननगरचा सोमा मेकॅनिक आला, मागचं झाकण काढून बघितलं, आणि मयताच्या घरी बोलतात तसा हळू बोलू लागला.

“बापू, हा आता उठत नाही. ह्याचं सामानच मिळत नाही.” मग प्लेयरच्या मागं लोंबणारी वायर त्यानं बोटावर घेतली. “ही लाल कायमची अशीच सोडलेली?”

“टीव्हीला दोनच भोकं आहेत. पिवळं आणि पांढरं. लाल उरते. विकणाराच म्हणाला होता, उरू द्या.”

सोमा हसला. “अहो, मग अर्धा आवाज उरला ना! सीडीत आवाज दोन वाटण्या करून भरलेला असतो. डावी वाटणी पांढऱ्या वायरनं येते, उजवी लालनं. त्याला स्टीरिओ म्हणतात. तुमच्या टीव्हीला एकच कान. तुम्ही कायम डावंच ऐकलं.”

“डावीकडं सिनेमाची गाणी आहेत,” मामा म्हणाले.

“फक्त गाणीच ऐकू येतात? माणसं बोललेली नाही?”

“नाही.”

“मग झालं! आमच्या भागातले शूटिंगवाले असंच करायचे. एका बाजूला गाणी चढवायची, दुसऱ्या बाजूला कॅमेऱ्याचा खरा आवाज तसाच राहू द्यायचा. पुसायचा कंटाळा. मांडवात जे कुणी बोललं असेल ते सगळं ह्या लालमध्ये बसलंय बापू.”

मामांनी वायर त्याच्या बोटावरून काढून घेतली.

“आधी बोलावलं असतं तर काढून दाखवलं असतं,” सोमा पेचकस पिशवीत टाकत म्हणाला. “पांढरी काढायची आणि लाल त्या जागी खुपसायची. दुसरं काय!”

तो गेल्यावर मामा कितीतरी वेळ ती लाल पिन हातात घेऊन बसले होते. एवढी वर्षं ती टीव्हीमागं, कोळ्याच्या जाळ्यात, भिंतीला तोंड करून लोंबत होती. दर रविवारी.

महेश म्हणाला, पेनड्राइव्हवर घेऊन देतो कुणाकडून तरी. मामा सीडी हातातून सोडेनात. एकच होती, आणि हल्ली कुठल्याही वस्तूला ‘कुणाकडून तरी’ म्हणून बाहेर पाठवलं की ती परत येत नाही असा त्यांचा अनुभव होता. महेश म्हणाला, टीव्ही ऑनलाइन मागवू. मामा म्हणाले, “मला डोळ्यांनी भोक बघायचं आहे.” शेवटी सुट्टी काढून हर्षालीच त्यांना घेऊन निघाली.

निघताना मामांनी दाढी केली होती. रिक्षात ते बाहेर बघत होते, पोटाशी सीडी होती, आणि एका खड्ड्यानंतर ते स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, “आते आयकाले भेटी तिना आवाज.”

हर्षाली दचकली. आता तिचा आवाज ऐकायला मिळेल, म्हणत होते. लग्न होऊन आल्यापासून तिनं त्यांच्या तोंडून असा एक शब्द ऐकला नव्हता. आपण काय बोललो हे त्यांना कळलंही नव्हतं. तिनं काहीच दाखवलं नाही. पक्षी खिडकीत येऊन बसला की माणूस हलत नाही, तशी ती रिक्षाभर बसून राहिली.

तर असे ते दुकानात आले.

“काका, आता वायरींचा जमाना गेला,” प्रफुल्ल म्हणाला. “आता सगळं हवेतून येतं.”

“वायर माझ्याकडं आहे. तुम्ही फक्त भोक दाखवा.”

“दाखवतो ना. पण आधी आवाजाचं समजून घ्या. लोक पडदा बघून घेतात आणि घरी जाऊन रडतात. हा साधा स्टीरिओ. डावीकडं एक स्पीकर, उजवीकडं एक. ह्याला खाली आणखी एक ढोल आहे, धडधड छातीत येते. आणि ह्याच्याखाली ही पट्टी घेतलीत तर आवाज डोक्यावरून फिरतो. पडद्यावर हेलिकॉप्टर गेलं की तुम्ही वर बघणार.”

“वर पंखा आहे,” मामा म्हणाले.

“क्रिकेट बघता का? स्टेडियममध्ये बसल्यासारखं वाटेल.”

“मला कुठं जाऊन बसायचं नाही. मला एक बाई ऐकायची आहे.”

शेजारी फ्रीज बघत असलेलं जोडपं वळलं. प्रफुल्लनं पुन्हा हर्षालीकडं बघितलं. या वेळी तिनं सांगितलं. सीडी, दोन वाटण्या, लाल वायर. थोडक्यातच सांगितलं. ऐकता ऐकता प्रफुल्लचा धंद्याचा चेहरा उतरत गेला आणि आतून एक बरा माणूस वर आला.

“मेकॅनिक बरोबर बोलला काका. पण नुसते दोन स्पीकर बघून भुलायचं नाही. काही टीव्हींना चार चार असतात आणि चारीतून एकच आवाज. तुम्हाला डावं-उजवं खरोखर वेगळं देणारा पाहिजे. आणि ते कमीजास्त करता आलं पाहिजे. थांबा.”

तो आत जाऊन एक आखूड वायर घेऊन आला. तिच्या एका टोकाला पिवळं, पांढरं, लाल अशी तीन भोकं होती, दुसऱ्या टोकाला एकच बारीक पिन. एका मोठ्या टीव्हीच्या मागं हात घालून त्यानं पिन बसवली.

“या काका. लाल तुम्हीच लावा.”

मामा पुढं झाले. त्यांच्या हाताला कंप नव्हता. मशीनवर आयुष्य काढलेला हात होता तो. पिन बसली तेव्हा अगदी बारीक टक आवाज झाला. मग त्यांनी शर्टाची दोन बटणं सोडून सीडी काढली, हर्षालीकडं न बघता बटणं लावली, आणि सीडी पुसून प्लेयरमध्ये ठेवली.

प्रफुल्लनं त्यांना समोरच्या सोफ्यावर बसवलं. “असं नाही, मधोमध बसा. स्टीरिओ मधोमध बसणाऱ्यासाठी असतो.”

मामा मधोमध बसले, गुडघ्यांवर हात ठेवून. हर्षाली शेजारी टेकली.

वाघ गेला आणि मांडव आला. एवढ्या मोठ्या पडद्यावर तो सगळा फिका, मुंग्या आल्यासारखा दिसत होता. डाव्या बाजूनं ओळखीचं गाणं सुरू झालं, आणि उजव्या बाजूनं कुणीतरी दार उघडावं तसा गलका आत आला. ताटं, खुर्च्या ओढल्याचे आवाज, डीजेवाल्याचं “चेक, चेक”, कुणीतरी ओरडतंय, “ए राजू, पाट आण पाट!”

“राजूभाऊ,” हर्षाली नकळत म्हणाली. महेशचा मावसभाऊ. किती बारीक आवाज होता त्याचा तेव्हा.

“हे गाणं काढा,” मामा म्हणाले.

प्रफुल्लनं रिमोटवर काहीतरी उघडलं, डावी-उजवी मोजणारी एक पट्टी दाखवली आणि तिचा काटा उजव्या टोकाला नेला. गाणं विझलं. कितीतरी वर्षं त्या हळदीवर पसरलेलं ते गाणं असं एका बोटानं गेलं, आणि खाली खरी हळद उघडी पडली. आत्या चौकटीत आल्या. ओठ हलू लागले.

गलक्याच्या तळाशी काहीतरी होतं. एक धागा.

“मोठा करा,” मामा म्हणाले. “मोठा करा!”

“नुसता मोठा केला तर गोंगाटही वाढेल काका. ह्यात एक सोय आहे, बातम्या ऐकणाऱ्यांसाठी. माणसाचं बोलणं तेवढं वर येतं, बाकीचं खाली जातं. थोडं मागं नेऊन लावतो.”

त्यानं चित्र मागं नेलं. खुर्च्या, ताटं, डीजे, सगळं एखाद्या विहिरीत उतरल्यासारखं खोल गेलं. आणि लताबाई गायला लागल्या.

*हयद दयी दयी मना हात पिवया व्हयना,*
*आंडोर मना सोनाना, उजेड घरमा ऊना…*

हळद दळून दळून माझा हात पिवळा झाला, सोन्याचा माझा लेक, घरात उजेड आला. आवाज गोड नव्हता. जरा जाड, जरा फाटलेला, जात्याच्या घरघरीतून वर काढायची सवय असलेला आवाज. दुकानाच्या थंड हवेत तो आला आणि फ्रीजवाली बाई नवऱ्याचा दंड धरून उभी राहिली. हर्षाली सोफ्यावर पुढं सरकली. हीच बाई कांदा चिरताना तिच्याशी कुजबुजायची. हा एवढा आवाज तिच्यात होता.

“बाप रे,” प्रफुल्ल म्हणाला. “आजींचा गळा काय आहे!”

मामांचे डोळे मिटलेले होते आणि ओठ हलत होते. त्यांना सगळी ओळ येत होती. दुसऱ्या ओळीच्या शेवटी आत्यांनी श्वास घेतला, पुढची ओळ उचलण्यासाठी. तो श्वाससुद्धा स्पष्ट ऐकू आला. मामांनी डोळे उघडले आणि पडद्याकडं बघितलं, कारण आता तो क्षण येणार होता. पडद्यावरचे झुंबरराव वळले. वाकले. गुलाबाची फुलं उमलली.

“बंद कर ते.”

आवाज इतका जवळून आला की हर्षालीला वाटलं, सोफ्यावर बसलेले मामाच बोलले. तसाच स्वच्छ, तसाच एकेक शब्द पुसून ठेवलेला.

“हे नामपूर नाही. साहेब लोक बसलेत. काय म्हणतील, कुठल्या खेड्यातून उचलून आणली?”

पदर तोंडाशी गेला. मान खाली गेली.

“बरं,” लताबाई म्हणाल्या. ‘माले’ऐवजी ‘मला’ म्हणायला शिकवलेल्या आवाजात.

“आणि हस. शूटिंग चालू आहे.”

लताबाईंनी मान वर केली आणि कॅमेऱ्यात बघून त्या हसल्या. ते हसू एवढं मोठं आजवर कुणी पाहिलं नव्हतं. एवढ्या मोठ्या पडद्यावर त्यांचे डोळेही दिसत होते. डोळे हसत नव्हते. जुन्या टीव्हीवर ते कधी दिसलेच नव्हते, की कुणी बघितलेच नव्हते, हर्षालीला सांगता आलं नसतं. ‘माले नही येस आते’ म्हणताना दुपट्यावरून फिरणारा हात तेवढा तिला दिसला.

मग डीजे सुरू झाला आणि कुणाचंच काही ऐकू येईना.

प्रफुल्लनं रिमोट खाली केला. त्याला काहीच कळलं नव्हतं, आणि कळावं असं काही त्याला कुणी सांगितलंही नव्हतं. पडद्यावरचा सफारीतला माणूस काळ्या केसांचा, भरल्या गालांचा होता. समोरचा म्हातारा त्याला तो वाटला नाही.

“कोण हो काका हा माणूस?” तो हळहळून म्हणाला. “चांगल्या गात होत्या आजी. मध्येच कशाला बोलायचं?”

हर्षालीनं तोंड उघडलं, पण कोणत्या भाषेत काय म्हणावं ते तिला सुचेना. तिनं मामांच्या हातावर हात ठेवायला हात पुढं केला तेव्हा तो हात गुडघ्यावर नव्हता. मामा उठून उभे होते. त्यांची नजर पडद्यावर नव्हती, तिच्यावरही नव्हती. मागं लावलेल्या लाल पिनेकडं ते बघत होते. ती काढावी असं त्यांना क्षणभर वाटलं असावं. एक पाऊल त्या बाजूला पडलं, आणि मग ते थांबलं.

“परत लावू का काका?” प्रफुल्लनं विचारलं. “गाण्यापुरतं?”

कापडी पिशवी सोफ्याजवळ होती, टॉवेल त्यावर होता, सीडी प्लेयरच्या आत फिरत होती. झुंबरराव त्या सगळ्याला वळसा घालून निघाले. फ्रीजवाल्या जोडप्यानं त्यांना वाट दिली. दोन्ही बाजूंच्या भिंतींवर वाघ पुन्हा पाणी प्यायला आला होता. दाराशी वॉचमननं सलाम केला. झुंबररावांनी काच ढकलली, चौकातला सगळा आवाज एकदम आत आला, आणि ते त्यात निघून गेले.